पान एक्केचाळीसपासून पुढे

मी, लतिका रवींद्र उमाळे, वय सव्वीस वर्षे, मूळ राहणार मूर्तिजापूर, सध्या मुक्काम ईडन प्रेरी, मिनेसोटा, पदार्थविज्ञानाची संशोधक विद्यार्थिनी, हा लेख कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतः विचार करून लिहीत आहे. बिघाड माझ्या हृदयाच्या झडपेत आहे, बुद्धीत नाही. सोमवारी शस्त्रक्रिया आहे. रुग्णालयाच्या अर्जात ‘मृत्युपत्र केले आहे काय?’ असा प्रश्न होता आणि तो मला कोरा ठेवावा लागला. आजवर मी कोणत्याही प्रश्नपत्रिकेत प्रश्न सोडलेला नाही, म्हणून हे लिहिणे.

कलम १. बँकेत जे असेल ते आणि माझ्या कानांतल्या कुड्या आई, सौ. मीनाक्षी, हिला द्याव्यात. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख तिला शस्त्रक्रियेनंतरची मिळाली. ‘मीच अर्ज उशिरा भरला’ हे तिने मनातून काढून टाकावे.

कलम २. वडिलांना एक उत्तर द्यायचे राहिले आहे. दर रविवारी फोनवर ते विचारतात, “काय मग बाळा, सुटला का तुझा क्वार्क?” मी “नाही बाबा” म्हणते. त्यावर ते धीर देतात, “सुटेल, सुटेल. तू अभ्यास सोडू नको.” बाबा, तो सुटावा म्हणून मी इथे आलेले नाही. तो कधीच एकटा का सुटत नाही, हे समजून घ्यायला आले आहे. प्रोटॉनसारख्या कणाच्या आत क्वार्क असतात. जवळ असताना ते जवळजवळ मोकळे हिंडतात. एकाला बाहेर ओढू लागलो की ओढ कमी होत नाही. चुंबकाची होते, पृथ्वीची होते, हिची होत नाही. हे मी फोनवर सांगायला हवे होते. तुमचा उत्साह मोडेल म्हणून सांगितले नाही.

कलम ३. शिवणाच्या डब्यातले पांढऱ्या इलॅस्टिकचे रीळ रविवारच्या मराठी वर्गातली माझी विद्यार्थिनी अनन्या, वय अकरा, हिला द्यावे. वर्गात मी त्याचा तुकडा ताणून क्वार्कांमधली ओढ दाखवत होते. ती म्हणाली, “पण ताई, कट केलं तर? मग एक एंड एकटा राहील ना?” मी कात्री दिली. तिने कापले, दोन्ही हातांकडे पाहिले आणि ओरडली, “ओ मॅन! आता फोर एंड्स झाले!” अनन्या, त्या दिवशी एक गोष्ट अर्धी राहिली. निसर्गात कात्री लागत नाही. ओढणाऱ्याने लावलेली ऊर्जाच ताणात साठत जाते आणि पुरेशी झाली की तिच्यातूनच नवा क्वार्क आणि त्याचा जोडीदार प्रतिक्वार्क जन्मतात. दोर तुटतो, पण टोकाला कोणीतरी येऊन बसलेले असते.

कलम ४. निळ्या पुठ्ठ्याची वही आमच्या विभागातले माझ्याहून ज्येष्ठ संशोधक श्री. शैलेंद्र यांना द्यावी. याचे कारण स्नेह नाही. समीकरणांमधला सगळा मजकूर मी मराठीत लिहिते आणि या विभागात तो वाचू शकणारे ते एकटेच आहेत. ते पुण्याच्या इंग्रजी शाळेतले. माझी वही पाहून ते नेहमी म्हणत, “काय लतिका, नवनीत काढतेस का क्वार्कचं?” मार्चमधल्या चर्चासत्रात मी माझा आलेख दाखवला. क्वार्कांमधले अंतर वाढते तशी ऊर्जेची रेघ चढत जाते आणि जिथे दोर तुटावा तिथे आडवी होते. शैलेंद्र सर्वांदेखत म्हणाले, “यार, हा ब्रेक नाही, नॉइज आहे. तुला जे दिसायला हवंय तेच दिसतंय.” सगळे हसले. माझ्याकडे उत्तर होते. मी खाली बसले.

त्यानंतर सहा महिने मी सगळे पुन्हा तपासले. त्यांचे निम्मे म्हणणे बरोबर होते, हे येथे नोंदवते: पहिल्या पद्धतीतले शेवटचे चौदा बिंदू गोंगाटच आहेत. पण पान एक्केचाळीसपासून दुसरी पद्धत आहे. तुटलेल्या दोराची शक्यता आधीच गणितात घेतली, तर नऊ बिंदू गोंगाटातून वर येतात आणि रेघ वळते. ती शक्यता न घेता शोधणारा नुसता ताणच पाहत राहतो. हे वळण खरे की माझी चूक, हे मला सोमवारपर्यंत कळणार नाही. संगणकावर अवकाशाच्या जागी आम्ही बिंदूंची जाळी मांडतो; शैलेंद्र यांनी ते गणित मोठ्या जाळीवर पुन्हा करावे आणि उत्तर काहीही येवो, चर्चासत्राच्या त्याच खोलीत, माझे नाव घेऊन, मोठ्याने सांगावे.

कलम ५. कुकर घरमालकीण सरलाकाकूंना द्यायचा होता. परंतु ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे मी वाचले आहे. काकू म्हणाल्या, “खोड तो कुकर. मी सही करते. आणि सोमवारनंतर भात तूच लावायचा आहेस त्यात, कळलं?” म्हणून कुकर खोडला आहे.

सही करण्यापूर्वीची नोंद. मला रुग्णालयात नेण्याची वेळ ठरवायला शैलेंद्र आज आले. साक्षीदार म्हणून सही करतो म्हणाले. कलम ४ मुळे त्यांना करता येत नाही, असे मी सांगितले आणि कागद पुढे केला. त्यांनी वाचला. मग म्हणाले, “तेव्हा बोलली का नाहीस?” मी म्हणाले, “सगळे हसत होते.” ते म्हणाले, “मी हसवलं त्यांना.” मग त्यांनी वही मागितली आणि उभ्याउभ्याच पान एक्केचाळीस काढले. तीन पाने उलटली, खुर्ची ओढली.

“ही तिसरी ओळ. इथला उणे कुठून आला?”

मी सांगितले. आवाज थोडा मोठा निघाला असावा, कारण काकू आणि त्यांचे यजमान वरच्या मजल्यावरून डोकावले.

“मोठ्या जाळीवरचं गणित आज सुरू करतो,” ते म्हणाले. “पण ही वही मी घेणार नाही. सोमवारी तुझ्या उशाशी ठेवतो. त्या खोलीत तूच बोलायचं.”

वही स्वीकारण्यास त्यांनी असा स्पष्ट नकार दिला आहे, हे साक्षीदारांनी ऐकले. कलम ४ मी खोडलेले नाही. ते निरुपयोगी ठरावे, अशी मात्र माझी इच्छा आहे.

वरील सर्व मी वाचून पाहिले; माझेच आहे.

लतिका रवींद्र उमाळे

तिने आमच्यासमोर सही केली:
१. सरला श्रीराम टेंभेकर
२. श्रीराम महादेव टेंभेकर

ईडन प्रेरी, मिनेसोटा
शनिवार, १६ ऑक्टोबर २००४