कात्रीच्या बदल्यात पासवर्ड

३ जून

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि मागून कीबोर्डची टकटक ऐकू येते. पत्र वाचताना तरी तुला गप्प बसावं लागेल.

दुकान जोरात आहे. शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर मिळाली. बेतणं, कापणं, शिवणं माझ्याकडे. काजं-बटणं आणि इस्त्री तुझ्या वहिनीकडे. कात्री मात्र तिच्या हाती देत नाही. लग्न होऊन आली त्या वर्षी बाईसाहेबांनी एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या!

तू घरी फिरकून किती दिवस झाले, आठवतंय का? रक्तपेढीतल्या त्या सर्व्हरचं नाक पुसायला दुसरं कोणीच नाही का गं?

पत्राची वाट बघते.

तुझी आई

१० जून

ती. आईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि खरंच गप्प बसले. मजकुरामुळे नव्हे. तुझ्या ओळी उजवीकडे जाता जाता खाली घसरल्यात आणि दोन ठिकाणी एक ओळ दुसरीवर चढलीय. आई, डोळ्यांचं काय चाललंय? खरं सांग. तोवर मी असंच मोठं, ठसठशीत अक्षर काढणार आहे.

सर्व्हरचं म्हणशील, तर रक्ताची प्रत्येक पिशवी, तिचा गट, ती कधीपर्यंत चालेल, हे सगळं त्याच डेटाबेसमध्ये आहे. तो बसला तर फ्रीज भरलेले असूनही कोणती पिशवी कोणाला द्यायची ते कळणार नाही. आणि मुख्य पासवर्ड माझ्या एकटीकडे आहे. एक नवी सहकारी आलीय, सगळे तिला घाईबाई म्हणतात. परवा तिने कोणती नोंद बदलायची ही अट न घालताच क्वेरी, म्हणजे बदलाची आज्ञा, चालवली आणि टेबलातले झाडून सगळे रक्तगट ओ पॉझिटिव्ह होऊन बसले! नशीब, सरावाची प्रत होती. हिच्यावर सगळं टाकून येऊ कशी?

वहिनीला माझी आठवण सांग. डोळ्यांबद्दल उलट टपाली कळव.

तुझी टिटवी

१७ जून

चि. टिटवीस आशीर्वाद.

पकडलंस. मोतीबिंदू आहे. उजव्या डोळ्यातला तर चांगलाच पिकलाय. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता टाळाटाळ केलीत तर पुढे शस्त्रक्रिया अवघड जाईल, नजर गमावून बसाल. मला भीती वाटते गं. डोळ्याला कोणी हत्यार लावणार म्हटलं की दवाखान्याच्या दारातूनच परत फिरते. तू जवळ असशील तर करून घेईन, नाहीतर राहू दे.

शिवाय गणवेश कोण कापणार? कात्री काय वाऱ्यावर सोडू?

वहिनीला यातलं काही बोलू नकोस, ती उगाच घाबरेल.

आई

२५ जून

ती. आईस साष्टांग नमस्कार.

सौदा करू या. तू कात्री वहिनीला दे, मी सर्व्हर घाईबाईला देते. जुलैअखेरची तारीख घे, मी येते, असं लिहिणारच होते. पण आई, सगळं मुसळ केरात गेलं.

रविवारी दुपारी साहेबांच्या परवानगीने सराव केला. मूळ सर्व्हर बंद पडलाय असं समजायचं आणि बॅकअपवरून दुसऱ्या मशीनवर सगळं उभं करायचं. काम घाईबाईने करायचं, मी फक्त बघायचं. डेटा तिने व्यवस्थित परत आणला. पण आत कोणालाच जाता येईना! कोणाला आत घ्यायचं, ही लॉगिनची नोंद सर्व्हरच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असते आणि तिचा बॅकअप घेण्याची सोय मीच कधी केली नव्हती. म्हणजे सामानासकट घर परत मिळालं, पण किल्ल्या गायब. इतके दिवस छातीठोकपणे सांगत होते, की माझ्याकडे सगळं सुरक्षित आहे. तोंडात मारल्यासारखं झालं. साहेब म्हणाले, हे निस्तरल्याशिवाय रजा नाही.

तू तारीख तरी घेऊन ठेव. मी चिडलेली आहे, पण हरलेली नाही.

तुझी टिटवी

२ जुलै

चि. टिटवीस आशीर्वाद.

तारीख घेतली, अठ्ठावीस जुलै. वहिनीला सगळं सांगून टाकलं आणि कात्रीही दिली. देताना रडले, हसू नकोस.

ती कापायला बसली तेव्हा मी खांद्यावरून डोकावत होते. इथून घे, तिथून नको, तोंड चालूच. शेवटी तिने शांतपणे सांगितलं, की आई, तुमच्यामुळे उजेड अडतोय. मी निमूट बाहेर जाऊन बसले. तूही त्या घाईबाईचा उजेड अडवत असशील, मी ओळखते ना तुला.

आई

१३ जुलै

ती. आईस साष्टांग नमस्कार.

ओळखलंस! पहिल्या सरावात मी तिच्या खुर्चीला चिकटून उभी होते. काल लॉगिनच्या बॅकअपसकट पुन्हा सराव केला, तेव्हा बाहेर जिन्यात जाऊन बसले आणि नखं खाल्ली. ती दार उघडून आली तीच नाचत. डेटा आला, लॉगिन आले, प्रयोगशाळेतल्या बाईंनी स्वतः आत जाऊन पिशव्या शोधून पाहिल्या. तिला तिच्या नावाने पूर्ण हक्क दिले. रजा मंजूर, तिकीट काढलं. तू फक्त घाबरू नकोस, हात धरायला मी आहे.

तुझी टिटवी

८ ऑगस्ट

ती. आईस साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचले. औषधाचे थेंब वेळेवर घाल, डोळा चोळू नकोस.

एक गंमत सांगते. तू शस्त्रक्रियेसाठी आत होतीस तेव्हा मी बाहेर सारखी फोन बघत होते. त्याच सकाळी इथे मूळ सर्व्हरची डिस्क गेली होती. घाईबाईने सगळं दुसऱ्या मशीनवर उभं केलं आणि मला मुद्दाम कळवलं नाही. म्हणाली, तुम्ही आईंजवळ होता. आधी राग आला, मग तिच्या गळ्यात पडून रडले.

तुझी टिटवी

२० ऑगस्ट

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

काळा चष्मा उतरला. भिंतीचा रंग पांढरा आहे गं! मी पिवळा समजत होते.

आता माझी कात्री परत घ्यावी, म्हणून काल दुकानात गेले. कपाटात माझ्या हातचा एक गणवेश नमुन्यासाठी राहिला होता. बाहेर काढून उजेडात धरला. शिवण कुठून कुठे गेलेली! वहिनीला विचारलं, की असे कपडे नेऊन गिऱ्हाईकं माझी वाहवा कशी करत होती? खूप खोदल्यावर ती म्हणाली, की मागच्या खोलीत इस्त्रीआधी मी उसवून पुन्हा शिवत होते, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.

कात्री न मागताच घरी आले. आता मी काजं-बटणं करते, आणि बऱ्यापैकी करते.

घाईबाईला माझे आशीर्वाद सांग. पुढचं पत्र बारीक अक्षरात लिहिलंस तरी चालेल. मजकूर जास्त मावेल.

तुझीच,
आई