चुलीपासून लांब

९ जानेवारी

कढई गेली! म्हणजे चोरीला नाही — कोलापवन्संच्या ताब्यात. या माझ्या थोरल्या नणंदबाई. आता चुलीपाशी त्या, आणि मी इकडे खाटेवर, सोललेल्या लसणीसारखं डोकं घेऊन. वर टाक्यांची रेघ.

डॉक्टर म्हणाले, रोज लिहीत जा. चक्कर, मुंग्या, काय असेल ते. तर लिहिते. चक्कर नाही. मुंग्या आहेत, पण त्या गुळाच्या मडक्यात.

१० जानेवारी

नीट लिहायला हवं.

डिसेंबरात नॉम पेन्हच्या इस्पितळात डोक्यातली गाठ काढली. लिंबाएवढी होती. साधी निघाली, कर्करोग नाही. मी म्हटलं, सुटले! डॉक्टर म्हणाले, "सुटलात खऱ्या, पण मेंदूवर व्रण राहिलाय. तो बिथरला तर आकडी येते. अजून आली नाही, ती येऊ नये म्हणूनच ही गोळी. सकाळी एक, संध्याकाळी एक. चुकवायची नाही. झोप पुरी हवी. दारू नाही. एकटीनं पाण्यात नाही, उंचावर नाही, आगीजवळ नाही."

आगीजवळ नाही! लग्न झाल्यापासून मी ताडाचा गूळ करतेय. सावुत झाडावर चढून नीरा उतरवतो, मी ती आटवते. मग मी करू तरी काय, म्हटलं. म्हणाले, "आराम." हा काय धंदा झाला?

(वहीत नवऱ्याचं नाव घेते, तेही एकेरी. तोंडावर 'अहो'च.)

१४ जानेवारी

वन्संनी घरात डुकराचं मांस बंद केलंय. आमच्याकडे आकडीला 'डुकराचं वेड' म्हणतात ना, म्हणून. "फल्ली, विषाची परीक्षा कशाला बघायची?" — ही यांची वैद्यकी.

सावुत सकाळी नाक्यावर जाऊन डुकराचं भाजकं मांस आणि भात हाणून येतो. मग घरी बसून माशाच्या चटणीचं तोंड भरून कौतुक! मिशीला लसूण तशीच.

१९ जानेवारी

आज चोर पकडला. सावुत ताडावरून मला बघत असतो! शेंड्यावरून आमचं सगळं अंगण दिसतं म्हणे. मी चुलीकडे नुसती वळले, तर शेताच्या पलीकडून आरोळी — "फल्लीऽऽ! मागे हो!"

गावभर ऐकू गेलं. शेजारचा मोएन त्याच्या झाडावर होता, तो हसत ओरडला, "वहिनी, वर पोलीस बसलाय!"

मी खुर्ची उचलली आणि मुद्दाम पाठ करून बसले. मग वाईट वाटलं. जरा तिरकी बसले, म्हणजे तोंड दिसेल.

२० जानेवारी

काही झालं नाही. लिहिलं.

२७ जानेवारी

वन्संनी कढई करपवली. गूळ कसला, डांबर! घोटणं कधी थांबवायचं हे डोळ्यांना कळत नाही, ते हाताला कळतं. मी लांबून सांगत होते, उतरवा, उतरवा. "तू आराम कर गं." सावुतनं एक खडा तोंडात टाकला आणि गाल धरून बसला. बहुतेक दात अडकले असावेत.

२ फेब्रुवारी

तपासणी. डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं — "आकडी आली तर कुशीवर वळवा. आजूबाजूचं टोकदार, गरम काही असेल तर दूर करा. धरून ठेवू नका. तोंडात काहीही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर इस्पितळ."

वन्सं मान डोलवत होत्या. लक्ष सगळं पंख्याकडे. मी डुकराचं विचारलं तेव्हा मात्र जाग्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "खाऊ द्या हो, डुकराचा काही संबंध नाही." सावुतचा चेहरा असा उजळला! बाहेर आल्याआल्या म्हणतो, "भूक लागली असेल ना तुला?"

कढई मात्र नाहीच. पावसाळ्याच्या तोंडाशी बघू म्हणाले. तोवर ताडाचा हंगाम संपलेला असेल.

११ फेब्रुवारी

उद्या माघी पौर्णिमा. विहारात उपोसथाचं व्रत धरणार. गाठीच्या वेळी बोलले होते, बरी झाले तर अष्टशील पाळीन आणि रात्रभर पठणाला बसेन. सावुत म्हणाला, "रात्रभर? झोपेचं काय?" म्हटलं, बुद्धाच्या पायाशी कुणाला काही होतं का!

एकच अडचण. अष्टशील म्हणजे दुपारनंतर अन्न नाही. आणि गोळीच्या पाकिटावर लिहिलंय — जेवणानंतर. जेवणच नाही तर जेवणानंतर कुठून येणार? एका संध्याकाळनं काय बिघडतंय. सावुतला सांगितलं नाही, उगीच वाद घालत बसला असता. विहारातल्या भन्तेंनाही विचारणार नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी काय विचारायचं!

१३ फेब्रुवारी

आत्ताच घरी आले. एक डुलकीसुद्धा घेतली नाही! बाकीच्या बायका भिंतीला टेकून घोरत होत्या, मी ताठ. डोकं हलकं झालंय. पुण्याचं असंच असतं बहुतेक.

वन्सं तळ्यावर गेल्यात आणि कढई एकटीच उकळतेय. बाईला काही कळत नाही. उतू जाणार. सावुत वर आहे पण पाठमोरा. एकदाच ढवळून येते.

१८ फेब्रुवारी

उजवा हात शाबूत आहे, म्हणून लिहिते. मला स्वतःला काहीच आठवत नाही. ऐकलेलंच लिहितेय.

मी चुलीपाशी वाकले आणि आडवी झाले. हातपाय झाडत होते. डावा हात कढईच्या काठाला लागला, कोपरापर्यंत भाजला. आणखी थोडी पुढे असते तर कढईतच. सावुतनं वरून पाहिलं. अर्ध्या झाडावरून उडी टाकून शेतातून धावत आला, मला ओढून बाजूला केलं. तोवर तळ्यावरून वन्सं आल्या आणि त्यांनी माझ्या दातांत लाकडी उलथनं खुपसलं! पुढचा दात गेला. "जीभ चावली असतीस तू!" म्हणून वर रडतात.

डॉक्टरांनी विचारलं, गोळी चुकली का? मी जेवणानंतरचं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "पोट बिघडू नये म्हणून लिहितात हो ते. उपाशीपोटी घ्या, पाण्याबरोबर घ्या, पण घ्या. आणि रात्र जागून काढली म्हणजे तर आकडीला आमंत्रणच."

सावुत त्या उडीपासून लंगडतोय. रागावला असता तर बरं झालं असतं.

मला भीती वाटते आता. आधी वाटत नव्हती.

२२ फेब्रुवारी

मोठे भन्ते घरी आले. मी खाली मान घालून बसले. म्हणाले, "उपासिके, औषध म्हणजे अन्न नव्हे. मी रोज संध्याकाळी रक्तदाबाची गोळी घेतो. मी काय नरकात चाललोय?"

मी हसले आणि पडलेल्या दाताच्या जागेवर पटकन हात ठेवला. भन्तेही हसले. त्यांना दातच नाहीत.

१ मार्च

वन्सं गावच्या पंडिता झाल्यात! आज ओसरीवर बायका जमवून शिकवत होत्या — कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काही का घालायचं नाही. उलथन्याचं नाव नाही! नमुन्याला सावुतला आडवं केलं. तो इतका छान निपचित पडला की चक्क झोपला.

गोळी दोन्ही वेळा. सावुत समोर उभा राहतो, गिळली का बघतो. मी जीभ काढून दाखवते.

७ मार्च

नीरा पहिल्यासारखी येत नाही, निम्मीच येते. सावुत म्हणतो, यंदा ऊन जास्त. आणि आता वरून आरोळ्याही येत नाहीत. चुलीकडे दोनदा वळून पाहिलं मुद्दाम. काही नाही. सुटले खरी, पण चुकल्यासारखं वाटलं.

१० मार्च

आज भात घेऊन मीच ताडांकडे गेले. आमच्या झाडावर मोएन होता. सावुत खाली, पेंढ्याच्या गंजीआडून आमच्या अंगणाकडे तोंड करून बसलेला, ऊन सगळं डोळ्यांत. मोएन म्हणाला, उपोसथानंतर रोजच असतं हे. झाडावर तोच चढतो, म्हणून निम्मी नीरा त्याची.

म्हटलं, "अहो, पाय दुखतो का अजून?"

"पाय बरा आहे." मग अंगणाकडे बघतच म्हणाला, "वरून दिसतं गं सगळं. पण खाली यायला फार वेळ लागतो."