ओट्यापुढची फळी

बाबा, तुम्ही बांधलेला स्वयंपाकाचा ओटा मला काल अमरावतीत, कॉलेजच्या संगणक कक्षात आठवला. अकोटच्या कापसाच्या जिनिंगमधून दमून आल्यावरही तुम्ही रोज थोडं थोडं बांधायचात. पुरा झाला त्या दिवशी आई त्याच्यासमोर उभी राहते, कोपरं खांद्यापर्यंत उचलते आणि म्हणते, "अवं माय, याच्यावर सयपाक कराचा का झेंडावंदन?" सगळे हसतात. मी नाही हसत. आठवीतली मी, शेजाऱ्यांसमोर तुम्हाला विचारते, "बाबा, तुमी सोताच्या उंचीचा बांधला. आईले काहून नाही विचारलं?" तुम्ही थापी धुतलीत. दुसऱ्या दिवशी जिनिंगमधून एक जाड फळी आणून आईच्या पायाखाली ठेवलीत. त्या ओट्याबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही, आणि वर्षाच्या आत तुम्ही गेलात. घरातली पहिली पदवी माझी. ती तुम्ही पाहिली नाहीत.

आता तो संगणक कक्ष मी सांभाळते. तिथले जुने संगणक चालवणारं लिनक्स मी स्वतः बांधलं, मूळ कोडपासून एकेक तुकडा जोडत. विकतचं काही नाही, नको ते काही नाही. मला त्याचा फार अभिमान होता. पण आमच्याकडे दृष्टी नसलेली एक विद्यार्थिनी आहे. पडद्यावरचं मराठी तिला मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम दुसऱ्या कुणीतरी बनवलेला, जुना. आधी तो तिथे चालायचा; माझ्या लिनक्सवर सुरूच होईना. 'अशी फाईल नाही' एवढंच सांगायचा, आणि फाईल तर समोर दिसत होती. प्रोग्रामच खराब आहे, असं मी तिला सांगत राहिले. परीक्षा जवळ आली तशी ती म्हणाली, "मॅडम, मले पहिलाच कॉम्प्युटर द्या. तो बोलत होता. तुमचा चांगला असन, पण मुका हाय."

काल शेवटी नीट तपासलं. प्रोग्रामची फाईल होती; तिला चालू करून देणारा जुन्या पद्धतीचा भाग नव्हता. 'जुनाट कचरा' म्हणून बांधतानाच मी तो वगळला होता. या खोलीत कोण बसतं, त्याला काय लागतं, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. तो भाग तयार करून लिनक्सच्या एका कोपऱ्यात बसवला आणि प्रोग्राम बोलू लागला. "बोलला वं माय!" म्हणत तिने टेबलावर थाप मारली. मग विचारलं, "काय झालं होतं, मॅडम?" मी म्हटलं, "एक फाईल कमी होती." कुणी काढली, ते सांगितलं नाही. तुम्ही निदान गुपचूप फळी तरी लगेच आणली होती. मी आधी तिलाच कितीतरी दिवस थांबवलं.

हे पाठवायला पत्ता नाही म्हणूनच लिहिता येतंय. आई अजून त्याच फळीवर उभी राहते. सुट्टीत घरी गेले की भाकरी मी थापते, आणि थापण्याआधी फळी पायाने बाजूला सारते. तुम्ही गेलात तेव्हा मी आईएवढी होते, बाबा. नंतर वाढले. तो ओटा मला अगदी बरोबर येतो.