कुंपणावरचा माणूस

मी, गुणवंत श्रीधर राजाध्यक्ष, वय ५४, व्यवसाय व्यंगचित्रं काढणे व हौसेने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून ती छापणे, राहणार डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो. यकृताने राजीनामा दिला आहे. परवापासून डॉक्टरही उत्तराऐवजी इन्शाल्ला म्हणतात.

१. बँकेतली शिल्लक व पुण्याचा फ्लॅट पत्नी सुचित्राचा. तिने माझे विनोद जन्मभर ऐकले. भरपाई कमीच आहे.

२. छापयंत्र, सुया, शाई शेजारचा मित्र अबरार मुकादम याला. जबल अलीच्या गोदामातून दमून येऊनही यंत्राचं चाक तोच फिरवायचा.

३. बंधू नागेश यांस माझी घडीची खुर्ची. आजवर त्यांनी सगळं बसूनच बघितलं.

४. बैलझुंजीच्या उगमावर मी कोरलेले चार पत्रे. पहिल्यात उघड्या माळावर भुकेली माणसं भाले घेऊन बैलामागे. दुसऱ्यात घोडेस्वार. तिसऱ्यात एक मूर, म्हणजे स्पेनवर राज्य केलेल्या मुसलमानांपैकी एक सरदार, बैलापुढे झगा नाचवतो. इथवर स्पेनच्या जुन्या छापचित्रांची उधारी. चौथ्यात सगळं तेच, फक्त एक माणूस कुंपणावर येऊन बसलाय. माझ्या मते खेळ तिथे सुरू झाला. तोवर ती शिकार होती.

फुजैराला बैलांची टक्कर बघताना अबरार म्हणाला होता, "गुणवंतभाई, आपण बघत बसलोय ते बैलाला कळत असेल काय हो?" मी हसलो होतो. कळतं.

५. दहन जबल अलीच्या स्मशानात. मोबाइलवर कोणालाही दाखवू नये. कन्या मुग्धा टोरांटोला असते. गेल्या आठवड्यात तिला सगळं सांगितलं आणि "ये" म्हटलं. म्हणाली, "बाबा, इफ समथिंग हॅपन्स, जस्ट सेंड मी द लिंक." प्रेमाने म्हणाली, हेच वाईट.

६. पहिले तीन पत्रे सुचित्राकडे. चौथा मुग्धाला, पण तिने स्वतः येऊन हातात घ्यावा. कुरिअर नाही. मी असताना आली तर मीच देईन. तेराव्यापर्यंत न आल्यास अबरारने त्यावर सुईने आडवी-उभी फुली ओढावी, म्हणजे तो पुन्हा छापला जाणार नाही.

वकील म्हणाले, साक्षीदार समोर हजर लागतात, व्हिडिओवर चालत नाही. एवढं कायद्यालाही कळतं. अबरारला वाटा आहे म्हणून तो साक्षीदार नाही. तरी दाराशी उभा आहे.

सही: गुणवंत श्रीधर राजाध्यक्ष
ठिकाण: दुबई. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

आमच्या समक्ष सही केली:
१. हमदुल्ला परकार, वरच्या मजल्यावरचे
२. स्वप्नाली तांडेल, नर्स
३. (कायद्याला गरज नाही. जागा ठेवली आहे.) मुग्धा: ____________