गाठीचा चांगला रिपोर्ट

चौसाळा, ता. जि. बीड

चि. आम्रपालीस,

कचरूमामाचा जयभीम. पुण्यात प्रयोगशाळेच्या नादात जेवण चुकवत नसशील, असं धरून चालतो. आमी बरे हाव. (तुझ्या मामीचे गुडघे सोडून, ते बरे असल्याचं माझ्या तरी आठवणीत न्हाई.)

पत्रास कारण माझा रिपोर्ट. पाठीवरची गाठ आठ महिने दुखली न्हाई, म्हणून मीही तिची चौकशी केली न्हाई. डॉक्टरला दाखव म्हणून तूच फोनवर भांडलीस. कातडीतल्या लिम्फोमाचंच, म्हंजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचंच तुझं संशोधन, तुझ्यापुढं कोण बोलणार? पण तुझ्या फोनच्या आदल्या दिवशीच मामीनं बिब्बा तापवून चटका दिलता. चष्मा घातला नव्हता, चटका दोन बोटं खाली बसला आणि तिथं दुसरी गाठ उठली, लालभडक, लई ठणकायची. दवाखान्यात मी बिब्ब्याचं नाव काढलं न्हाई. डॉक्टर रागावतात, आणि मामीची अब्रू हाय.

मग तुकडा काढून पुण्याला गेला. तपासणी कशाची, ते तू समजावलंस आणि मला लगेच उमगलं, एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी फुकट केली न्हाई. त्या पांढऱ्या पेशींतली प्रत्येक बी-पेशी जनुकांच्या ढिगातून आपापले तुकडे निवडून स्वतःची अँटिबॉडी बनवते. म्हणजे दर पॅसेंजरचं तिकीट येगळ्या नंबरचं. सगळ्यांकडं एकाच नंबरचं निघालं, तर समजावं की गाडीत एकाच चोराची पिलावळ भरली; तोच कॅन्सर. माझ्या तुकड्यात नंबर येगयेगळे निघाले. मामी पदरात तोंड घालून रडली. मी मांजरसुंब्याहून पेढे आणून विहारात वाटले (शुगर असणारांनीही दोन-दोन घेतले). लोक पाया पडायला लागले, जणू मीच काही पराक्रम केला. माझा पेढा मात्र मी कागदात गुंडाळून ठेवला.

तब्येतीला जप.

तुझा मामा,
कचरू

ता.क. मामीनं जवसाची चटणी करून ठेवलीय.

ता.क. दुसरा. हे मामीला फोनवर सांगू नको. डॉक्टरांनी विचारलं होतं, "दोन दिसतायत, जुनी कोणती?" मी खालची दाखवली. ती तशीही दुखतच होती. वरचीत काय निघंल, याला मी भ्यालो गं. आता ती लिंबाएवढी झालीय. रविवारी ये आणि मला घेऊन जा. एकट्यानं गेलो तर पुन्हा खालचीच दाखवीन.