पिंपातलं पाणी

३ मार्च ७३, लोहारा
गावच्या शेती सोसायटीत फवारणीच्या औषधाची आठ रिकामी पिंपं. टँकरचं पाणी साठवायला धुऊन वाटणार. बैठकीत चेअरमन म्हणाले, "आधी करडाला चार दिस पाजू. जगलं तर माणसं पितील." करडू माझ्या शेजारच्या गोदामावशींचं. त्यांना विचारलंही नाही. मी उठून म्हटलं, आठ दिवस द्या, शाळेच्या प्रयोगशाळेत तपासते. सगळे बघत राहिले. विज्ञानाची बाई, त्यातून बाईमाणूस.

४ मार्च
दोन बशांत मेथी भिजवली. एकीत टँकरचं पाणी, दुसरीत धुतलेल्या पिंपात रात्रभर ठेवलेलं. मावशी आल्या, मांडीवर करडू. पदर चघळत होतं.
"ह्याच्यातनं काय कळतंय, बाई?"
"विष असलं तर मोड येणार नाहीत."
मावशींनी बशीला हात जोडले. हसू आलं, मग नाही.

७ मार्च
दोन्हीकडं सारखे मोड! मावशींनी गुळाचा खडा दिला. उद्या चेअरमनना सांगायचं.

८ मार्च
नववीला मज्जासंस्था शिकवताना लक्षात आलं: हे औषध किड्यांच्या नसांवर चालतं. मेथीला नसा कुठल्या? चेअरमनकडं गेले नाही. तिसऱ्या बशीत न धुतलेल्या पिंपाच्या तळाचं औषध मुद्दाम थेंबभर घातलं.

११ मार्च
तिसऱ्या बशीतही मोड. हिरवेगार. आठ तारखेला बोलले असते तर...
मग रांजणातल्या डासांच्या अळ्या दोन ग्लासांत सोडल्या. टँकरच्या पाण्यातल्या वळवळतायत. पिंपाच्या पाण्यातल्या दुपारपर्यंत मरून तळाला. सगळ्या.

१२ मार्च
चेअरमन: "किड्याचं औषध किड्याला मारणारच. माणसाचं सांगा."
खोटं नव्हतं ते. म्हटलं, "सांगता येत नाही. म्हणूनच देऊ नका."
मावशी दारातूनच म्हणाल्या, "माजं करडू न्हाय मिळायचं."
चेअरमननी किल्ली मागवली. मग पिंपं कुलपात. जिल्ह्याला पत्र लिहायचं ठरलं, मीच लिहिलं.

१९ मार्च
उत्तर नाही. टँकर आता दिवसाआड, साठवायला भांडी नाहीत. रांगेत एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईंच्या अळ्यांपायी आमी तहानलेलो."
घरी येऊन मावशींना सांगितलं. त्यांनी अर्धी कळशी माझ्या माठात ओतली. नको म्हटलं तरी.
"बाई, त्या अळ्यांनाबी जीव होता, व्हय?"
"होता, मावशी."
त्या करडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.