रेडा उजवीकडे वळला, त्याला मी काय करू

साम्पालुकान,
सण होऊन दुसरा रविवार

प्रिय लूमिंग,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? आणि ज्या म्हातारीला तू सांभाळतेस तिचे? (मागे तू म्हणाली होतीस की तिचे तुझ्यापेक्षा धडधाकट आहेत. मग कोण कोणाला सांभाळतं ते एकदा दोघींनी बसून ठरवा.) तिकडे मिलानमध्ये अजून स्वेटर घालावा लागतो का? इकडे सगळं क्षेम आहे. फणसाला यंदा फळ बरं आलंय, ठिपक्यांची कोंबडी अंड्यांवर बसलीय, आणि माझं ब्लडप्रेशर इतकं उत्तम आहे की दवाखान्यातल्या पोरीने मशीन बिघडलं असेल म्हणून ते पुन्हा लावून पाहिलं.

तुझा निरोप पोचला. 'ताई, माफी मागून मोकळी हो ना, तुझं काय जातंय?' उत्तर असं, की नाही मागणार. पत्र इथेच संपलं असतं, पण पान कोरं सोडायची आपल्याला आईने सवय लावलेली नाही. शिवाय फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी मुद्द्यावर आले की नेमकी तुझ्या म्हातारीची अंघोळ निघते. म्हणून तिकडे निघालेल्या शेजारच्या बेलेनच्या धाकटीच्या हाती हे पत्र पाठवते आहे. सोबत लसणाचे सॉसेज आहेत. आधी पत्र वाच.

देल्फिनाने तुला काय सांगितलं ते मला तोंडपाठ आहे, कारण तेच ती बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर आणि केस कापायच्या दुकानात सांगत फिरते आहे: नार्सिसाने मिरवणूक पळवली. लूमिंग, मी चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. मला बस पकडता येत नाही, मी मिरवणूक काय पळवणार? पण देल्फिना नगराध्यक्षांची बायको पडली. (आणि तुझी वर्गमैत्रीण. शाळेत ती तुझ्या डब्यातला भात खायची, हे मी अजून विसरलेली नाही. ती विसरली असेल.)

आता खरं काय ते ऐक. संत इसिद्रोची मिरवणूक दरवर्षी नव्या गल्लीतून जाते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सात गल्ल्या, सात वर्षं. ज्या गल्लीची पाळी तिने घरं सजवायची, आणि बाकीच्या गावाने येऊन पोटभर खायचं आणि जाताना नावं ठेवायची. यंदा पाळी आपली होती. आणि नेमकी यंदाच गावात पर्यटन कचेरी निघाली आणि तिथे मनिलाहून रेन्झोसाहेब आले. पोरगा दिसायला चांगला आहे, गळ्यात ओळखपत्र घालून झोपत असावा. त्याने एक पत्रक छापलं: 'वारसा, उत्सव, निसर्ग. एका दिवसात सगळा प्रांत.' सकाळी धबधबा, दुपारी संत, संध्याकाळी काजवे. (काजव्यांना कोणी विचारलं का, देव जाणे.) आता पाहुण्यांच्या बसगाड्या आपल्या गल्लीत वळत नाहीत. तेव्हा साहेबांनी ठरवलं की यंदापासून पाळीबिळी बंद, संताने दरवर्षी चर्चमधून निघून डावीकडे नव्या चौकात जायचं, कारण तिथे बस वळते. म्हणजे संत बसच्या सोयीने चालणार.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. (बसले नसते, पण निदान एखादा आठवडा तरी.) पण मग तो घरी आला, आपल्या शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडकीचे फोटो काढून गेला, आणि थोड्या दिवसांत चौकात आपल्या घराची प्लायवूडची नक्कल उभी राहिली. फक्त दर्शनी भिंत. खिडकीवर शिंपले रंगवलेले, मागे एक स्टूल. मला म्हणाला, 'आजी, सणाला तुम्ही जुना पोशाख घालून त्या खिडकीत बसा, पाहुण्यांना हात हलवा. तुम्ही आमचा जिवंत वारसा!' मी म्हटलं, 'बाळा, माझी स्वतःची खिडकी आहे, आणि तिच्यामागे घरही आहे.' तर म्हणतो कसा, 'हो, पण तुमची गल्ली फोटोत अस्सल वाटत नाही. दोऱ्यांवर कपडे वाळतात.' लूमिंग, ज्या गल्लीत कपडे वाळत नाहीत तिथे माणसं काय अंगावरच वाळवतात?

मी सभेला गेले. देल्फिना पंखा हलवत म्हणाली, 'नार्सिसाताई, काळाबरोबर चालावं लागतं.' मी विचारलं, 'काळ बसने येतोय वाटतं?' लोक हसले, पण हात देल्फिनाच्या बाजूने वर झाले. फादर बिचारे म्हणाले, संत काय, सगळीकडेच असतो. मी म्हटलं, मग माझ्या दारात असायला त्याची काय हरकत आहे? त्यावर त्यांनी प्रार्थनेला सुरुवात केली. फादरना अडचण आली की ते हेच करतात.

आता रेड्याविषयी. (देल्फिनाने तुला रेड्याविषयी चकार शब्द सांगितलेला नसणार. सांगितला असता तर तू हसली असतीस, आणि हसल्यावर तुला माफी सुचली नसती.) संताच्या मूर्तीचा गाडा यंदाही तेम्योंगचा रेडा कुलास ओढणार होता. आणि आपला रिवाज तुला आठवतोच: सणाच्या दिवशी गाड्याच्या रेड्याला हाकायचं नाही, ओढायचं नाही, दोराला हात लावायचा नाही. संत नांगरधारी होता, त्याची जनावरं देवदूत हाकायचे, मग आपण कोण मध्ये बोलणार? तो वळेल तिकडे संत वळला, तो थांबेल तिथे संत थांबला, आणि ज्या दारात थांबला त्या घराने सगळ्यांना जेवू घालायचं. इतकी वर्षं रेडे निमूट मिरवणुकीच्या मार्गाने गेले, कारण तेम्योंग आणि त्याचा बाप आधी महिनाभर त्यांना त्याच रस्त्याने शेतातून घरी आणायचे. रेन्झोसाहेबांना ही गोष्ट कोणी सांगितली नाही. मीही सांगितली नाही. मला कुठे कोणी विचारलं?

मी रेड्याला काही शिकवलं नाही, हे स्पष्ट लिहिते. दमलेलं जनावर दारावरून जातं, माणसाने माणुसकी दाखवायची की नाही? रोज संध्याकाळी मी त्याच्यापुढे रताळ्याचा वेल टाकायची आणि वर नारळाच्या गुळाचा खडा. बस्स. एकदा तेम्योंग म्हणाला, 'ताई, हा आता माझ्या घरी यायचं नाव घेत नाही. कोपऱ्यावर आला की मलाच फरफटत तुमच्याकडे आणतो.' मी म्हटलं, 'गुणी आहे हो.' तेम्योंगने माझ्याकडे बघितलं, मी तेम्योंगकडे बघितलं, आणि मग आम्ही दोघं भाताच्या रोपांविषयी बोललो.

इकडे मी पापड वाफवायला घेतले. बेलेन दारात उभी राहून म्हणाली, 'अगं, मिरवणूक जाणार तिकडे, तू इकडे सजवतेस कोणासाठी?' मी म्हटलं, 'पाळीसाठी. पाळी आपली आहे, ती कोणी आली नाही म्हणून संपत नाही.' ती 'म्हातारी खुळी झाली' म्हणून गेली, आणि तासाभराने स्वतःचं पातेलं घेऊन आली. मग समोरचे आले, शेवटी सगळी गल्लीच आली. पानावर थापलेले ते तांदळाचे लाल, हिरवे, पिवळे पापड आम्ही छपरापासून जोत्यापर्यंत टांगले. चवळीच्या शेंगांच्या माळा, अननस, दुधी, सॉसेजचे हार. दोऱ्यांवरचे कपडेही काढले नाहीत, मुद्दाम. आईचा तो फिकट निळा पोशाख मी घातला, आणि खिडकीत दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर मी, एकीवर मांजर.

बेकरीच्या कोपऱ्यावर साहेबांनी रस्त्यावर डावीकडे जाणारा हा एवढा मोठा पांढरा बाण रंगवून घेतला होता. रेड्याला बाण वाचता येत नाही, हे पर्यटन कचेरीला त्या दुपारी कळलं. कुलास खोबरेल तेलाने चमकत, गळ्यात झेंडू घालून झोकात आला, कोपऱ्यावर थांबला, नाक वर केलं आणि उजवीकडे वळला. रेन्झो शिट्टी फुंकत धावला आणि त्याने दोर धरला. त्याबरोबर चर्चच्या साऱ्या म्हाताऱ्या एका सुरात ओरडल्या, 'हात काढ मेल्या! वर संत बसलाय!' बिचाऱ्याने दोर असा सोडला जसं काही त्याला इंगळी डसली. बँड संताच्या मागे, गाव बँडच्या मागे, आणि पाहुणे फोन उंच धरून गावाच्या मागे. सगळी वरात आपल्या गल्लीत.

इथवर सगळं मनासारखं झालं. पण आईच्या पोशाखाच्या नादात गुळाचा खडा दारात ठेवायचा मी विसरले. कुलास आला, खाली बघितलं, काही नाही. वर बघितलं, तर शेंगा. त्याने एक माळ ओढली, आणि लूमिंग, त्या एका माळेला सगळी भिंत बांधलेली होती. (गाठी बेलेनने मारल्या होत्या.) पापड, अननस, दुधी सगळं धडाधडा खाली. संताच्या खांद्यावर सॉसेजचा हार पडला, एक अननस बँडमधल्या ट्रॉम्बोनवाल्याच्या भोंग्यात गेला आणि तिथेच राहिला. कुलासने पडलेले पापड, रंग न बघता, शांतपणे संपवले, आणि मग पाय दुमडून दारातच बसकण मारली.

रेडा बसला म्हणजे संत बसला. आता गावाला जेवू घाला! पण आम्ही काय कच्च्या गुरूचे चेले? बेलेनकडे, समोर, शेजारी, सगळीकडे कढया तयार होत्या. केळीच्या पानावर शेवया, वर व्हिनेगर, आणि खायला नुसतं तोंड, हात नाही. तिकडे चौकात देल्फिना मनिलाच्या बड्या पाहुण्याला घेऊन मंचावर बसली होती. प्लायवूडच्या खिडकीत कचेरीतल्या टायपिस्ट मुलीला पांढऱ्या केसांचा टोप घालून बसवलं होतं; ती बिचारी रिकाम्या चौकाला हात हलवत राहिली. शेवटी पाहुणा वासाच्या मागे चालत आपल्या गल्लीत आला आणि बाकीच्यांसारखं पानात तोंड घालून जेवला. म्हणाला, अशी गंमत आयुष्यात बघितली नव्हती, पाळीची पद्धत मुळीच मोडू नका. देल्फिना उंच टाचा सांभाळत मागून आली. तिने दोन पानं खाल्ली. (हे सांगितलं का तुला?)

तेव्हा पाळी गावात पुन्हा सुरू झाली. सहा गल्ल्यांची! सातवी, म्हणजे आपली, कायमची बाद. 'नार्सिसा भर सभेत माफी मागेपर्यंत.' आणि त्याच रेन्झोने पुढच्या वर्षीच्या पत्रकावर फोटो कोणाचा घेतलाय? वर खिडकीत मी, खाली रेडा. मागे दोरीवर बेलेनचे परकर.

तर माफी नाही. तेम्योंगची मागितली, कारण रंगीत पापडांनी कुलासचं पोट चार दिवस बिघडलं होतं. ट्रॉम्बोनवाल्याचीही मागितली. देल्फिनाची नाही, सभेची नाही, बसची तर नाहीच. माझ्या दारात संत आला, तो पाळीने आला. ज्याला वाईट वाटलं असेल त्याने संताशी बोलावं.

तब्येतीला जप. गुडघ्यांना तेल लाव.

तुझी ताठ मानेची ताई,
नार्सिसा

ता.क. माफी मात्र मागून झालेली आहे. मी नाही, तू मागितलीस. गेल्या सभेत मी उभी राहिले आणि सांगितलं की मिलानहून माझ्या धाकट्या बहिणीचा निरोप आलाय, ती सगळ्या घराण्याच्या वतीने रडून रडून क्षमा मागते आहे. सभा गहिवरली. फादरनी प्रार्थना केली. गल्ली परत पाळीत आली. लहानपणापासून तुला हे काम माझ्यापेक्षा छान जमतं.

आणखी ता.क. पत्र तोवर पोचेलच: येत्या रविवारी देल्फिना तुला क्षमा करायला फोन करणार आहे. उचल. म्हातारीची अंघोळ काढू नकोस. हुंदका दे, आणि काही झालं तरी अननसाची आठवण काढू नकोस.

शेवटचं. आपली पाळी आता सात वर्षांनी. मागच्या पाळीला तू येते म्हणाली होतीस, त्याच्या मागच्यालाही. स्वतःसाठी मी कोणापुढे वाकले नसते, आणि वाकलेही नाही, पण मी असेन की नसेन, त्या खिडकीत आपलं कोणीतरी बसलेलं असायला हवं. तेव्हा सामान बांधायला लाग. दुसऱ्या खुर्चीचं मी मांजराला सांगून ठेवलंय. आणि मी नसले तर दारात गूळ ठेवायला तू विसरू नकोस.